मलिक अंबर : गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस ५० हजारांच्या फौजेला जेवू कसा घालत होता?

सन १६१०. पावसाळ्याचे दिवस. बालाघाटच्या डोंगराळ मुलखात मुघलांची बलाढ्य फौज अडकून पडली होती.

फौजेकडं तोफा होत्या, हत्ती होते, दिल्लीच्या बादशहाचा खजिना होता. सेनापती होता अब्दुर्रहीम खान-ए-खानान. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले, तोच हा रहीम. दोन वर्षांत दख्खन जिंकून देतो, असा शब्द त्यानं जहांगीर बादशहाला दिला होता.

पण छावणीत खायला दाणा नव्हता.

पैसे मोजूनही धान्य मिळेना. घोडे आणि उंट मरायला लागले. समोर उभं राहून लढायला शत्रू सापडत नव्हता, आणि मागून येणारे धान्याचे बैल मात्र वाटेतच गायब होत होते. शेवटी रहीमला नाइलाजानं तह करावा लागला आणि उपाशी फौज घेऊन तो बुऱ्हाणपूरला परतला. त्याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही मुघलांच्या हातून गेला.

ही वेळ ज्यानं आणली तो ना कुठला राजा होता, ना राजपुत्र. तो होता लहानपणी बाजारात विकला गेलेला एक आफ्रिकन गुलाम, मलिक अंबर.

अंबरच्या गनिमी काव्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण हा गनिमी काव्याचा खेळ २५ वर्षं चालला तो एका साध्या गोष्टीवर. शत्रूची भाकरी तोडायची आणि आपल्या माणसांची भाकरी चुकू द्यायची नाही. ही आपली माणसं म्हणजे एकीकडं दख्खनचे मराठे आणि दुसरीकडं हजारो हबशी. यातले कितीतरी हबशी अंबरसारखेच कधीकाळी विकले गेलेले होते.

चापू ते अंबर

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तिथून तांबड्या समुद्राच्या काठावरचं मोखा बंदर, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला. हातोहात मालक बदलत गेले.

बगदादमधल्या मालकानं या पोराची हुशारी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभाराचं शिक्षण दिलं. तिथंच तो मुसलमान झाला आणि त्याला नवं नाव मिळालं, अंबर. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा एक महागडा सुगंधी पदार्थ.

१५७० च्या दशकात हा तरुण दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि तोही कधीकाळी गुलामच होता. त्याच्याकडं अंबरसारखे जवळपास हजार हबशी होते.

गुलाम, पण सैनिक

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

वसईतल्या भुईगावच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की जो समुद्र दिसतो, त्याच अरबी समुद्रावरून शेकडो वर्षं आफ्रिकेतली माणसं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत विकायला आणली जात. अंबर दख्खनमध्ये आला तेव्हा भुईगावसह वसईचा सगळा पट्टा पोर्तुगीजांकडं होता. १५३४ पासून ते १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत तिथं त्यांचंच राज्य होतं.

पोर्तुगीजांकडंही आफ्रिकेतून आणलेले गुलाम असायचे. त्यांना काफिर म्हणत. ते घरकाम करायचे, मालकाच्या डोक्यावर छत्री धरायचे, पालखी उचलायचे. वेळ आली तर त्यांना लढाईतही उतरवलं जायचं. पण अशा गुलामानं पुढं जाऊन राज्याचा कारभार हातात घ्यायचा, हा विचारही तिथं कुणी केला नसता.

वसईहून खाडीच्या वाटेनं कल्याणकडं गेलं की निजामशाहीची हद्द लागायची. तिथला रिवाज वेगळा होता.

दख्खनच्या सुलतानांना परदेशातून आणलेले सैनिक लागायचे. इथं ज्याचं कुणी नातेवाईक नाही, गाव नाही, वतन नाही, तो मालकाशी इमानी राहील असा त्यामागचा हिशेब. म्हणून हबशी गुलामांना घोडा, तलवार आणि शिक्षण मिळायचं. मालक मेला की असे गुलाम बहुतेक वेळा मोकळे व्हायचे आणि मग ज्याच्याकडं पगार मिळेल त्याच्याकडं चाकरी धरायचे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत असतात. तेही याच आफ्रिकन परंपरेतले.

थोडक्यात, गुलामी संपायची. पण गुलामी संपली की मालकाच्या घरचं जेवणही संपायचं.

सुटका झाली, आता खायचं काय?

१५७४-७५ च्या सुमारास चंगीझखानाचा खून झाला. त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं.

साधारण पंचविशीतला अंबर आता स्वतंत्र होता. त्यानं लग्न केलं. पण त्याच्याकडं जमीन नव्हती, जहागीर नव्हती, पाठीशी घराणं नव्हतं. पुढची वीसेक वर्षं तो दख्खनमध्ये चाकरी करत फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याला एका छोट्या तुकडीची सरदारी आणि मलिक हा किताब मिळाला.

पण हाताखालच्या माणसांना पोसायला पुरेसा पैसा तिथं मिळेना. तेव्हा अंबर आपली माणसं घेऊन चक्क विजापूर सोडून निघाला. बरोबर होते सुमारे दीडशे घोडेस्वार.

किताब देणाऱ्या दरबारापेक्षा आपल्याबरोबर जेवणारी माणसं त्याला महत्त्वाची वाटली. पुढं त्यानं जे काही उभं केलं, त्याची सुरुवात या दीडशे जणांपासून झाली.

१५९५ मध्ये तो अहमदनगरला आला. तिकडं वेगळीच धांदल होती. अकबराची फौज दारात उभी होती आणि चांदबीबी किल्ला लढवत होती. अंबर अभंगखान या हबशी सरदाराला जाऊन मिळाला. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगर पडलं. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं.

अंबरला तसं वाटलं नाही. निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून त्यानं परांड्याला त्याला गादीवर बसवलं, मुर्तझा निजामशाह दुसरा. आपली मुलगी त्याला दिली. स्वतः वकील म्हणजे मुख्य कारभारी झाला. छापे टाकून शत्रूचे घोडे आणि धान्य पळवायचं आणि त्यावर आपली माणसं वाढवायची, असं त्यानं सुरू केलं. दीडशेचे दीड हजार झाले, मग काही हजार. १६०७ मध्ये राजू दखनी या प्रतिस्पर्ध्याला त्यानं बाजूला केलं आणि राजधानी जुन्नरला नेली.

५० हजार माणसांचं रोजचं जेवण

१६१० च्या आसपास विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी या भागात होता. त्यानं केलेल्या नोंदीनुसार अंबरकडं दहा-बारा हजार हबशी आणि सुमारे ४० हजार दख्खनी सैनिक होते.

जरा हिशेब करून बघू. एका माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं, तरी ५० हजार माणसांना रोज २५ हजार किलो म्हणजे २५० क्विंटल धान्य लागतं. एक बैल साधारण एक क्विंटल ओझं वाहतो असं धरलं, तर रोज २५० बैल धान्य हवं. यात घोडे धरलेलेच नाहीत, आणि घोडा माणसापेक्षा कितीतरी जास्त खातो. छावणीतले नोकर, मोतद्दार, लोहार, बायकापोरं वेगळीच.

मुघल फौजा हा प्रश्न बंजाऱ्यांच्या मदतीनं सोडवायच्या. हजारो बैलांचे तांडे धान्य लादून फौजेमागं चालायचे आणि छावणीत बाजार भरवायचे. पैसा असेल तर ही व्यवस्था उत्तम चालायची. पण तिच्यात एक खोट होती. तांड्याची वाट तोडली की बाजार बंद.

अंबरनं नेमकं हेच हेरलं.

मुघल फौज दख्खनमध्ये शिरली की तो समोरासमोर यायचाच नाही. हलक्या घोड्यांवरचे मराठे बारगीर दोन्ही बाजूंनी मुघल फौजेबरोबर चालत राहायचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारकडून मिळतं तो स्वार. हे बारगीर धान्याचे तांडे लुटायचे, वैरण आणायला गेलेल्यांना गाठायचे, रात्री छावणीवर छापे टाकायचे. मुघलांच्या कागदपत्रांत या पद्धतीला बारगीगिरी असंच नाव पडलं.

रहीमची गत तर आपण पाहिलीच. पुढच्याच वर्षी अब्दुल्लाखान गुजरातहून नाशिकच्या वाटेनं मोठी फौज घेऊन उतरला. त्यालाही अंबरच्या स्वारांनी असं काही सतावलं, की बागलाणमार्गे गुजरात गाठण्यापलीकडं त्याच्याकडं पर्याय उरला नाही.

खरी लढाई शेतात होती

पण शत्रूला उपाशी ठेवून आपलं पोट भरत नाही. लुटीवर दीडशे माणसं जगतात, ५० हजार जगत नाहीत.

दहा-बारा हजार हबशांची तर वेगळीच अडचण होती. मराठा सैनिकाचं इथं गाव होतं, शेत होतं. मोहीम संपली की तो घरी जाऊ शकत होता, घरचं खाऊ शकत होता. हबशाचं घर समुद्रापलीकडं राहिलेलं. त्याचं पोट पूर्णपणे फौजेवर. फौजेत जेवण मिळालं नाही तर तो दुसऱ्या फौजेत जाणार, कारण जगायला दुसरा रस्ताच नव्हता. हे अंबरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो स्वतः त्याच रस्त्यानं आला होता.

म्हणून त्यानं हात घातला तो महसुलाला.

तोवर बऱ्याच ठिकाणी मक्त्याची पद्धत चालायची. म्हणजे सरकार एखाद्या परगण्याच्या वसुलीचा ठेका द्यायचं. ठेकेदार ठरलेली रक्कम सरकारात भरायचा आणि रयतेकडून मिळेल तेवढं ओरबाडायचा. दोन-तीन वर्षं असं झालं की शेतकरी गाव सोडून पळायचे. जमीन पडीक राहायची. मग फौजेला दाणा येणार कुठून?

अंबरनं मक्ता बंद केला. जमिनीची प्रत बघून चांगली आणि हलकी अशी प्रतवारी केली. जमीन किती यापेक्षा प्रत्यक्ष पीक किती आलं याला महत्त्व दिलं. सुरुवातीला पिकाचा ठराविक हिस्सा धान्याच्या रूपातच घेतला. हा हिस्सा दोन पंचमांश होता असं सांगितलं जातं. काही हंगामांचा अनुभव आल्यावर त्याचं रोख रकमेत रूपांतर केलं आणि ती रक्कम पिकाच्या साधारण एक तृतीयांशाएवढी होती, अशी परंपरागत माहिती आहे. रक्कमही त्या वर्षीची लागवड बघून ठरायची.

मोडकळीला आलेली गावाची व्यवस्थाही त्यानं पुन्हा उभी केली. पाटील, कुलकर्णी यांना कामाला लावलं. वसुलीचं काम ब्राह्मण कारकुनांकडं दिलं आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली.

याचा अर्थ शेतकऱ्याला कमी द्यावं लागत होतं असा नाही. पिकाचा तिसरा हिस्सा ही काही छोटी गोष्ट नाही. पण किती द्यायचं हे आता ठरलेलं होतं, आणि पीक बुडालं तर मागणीही कमी होत होती. पेरलं तर आपल्याला काहीतरी उरेल, एवढी खात्री शेतकऱ्याला गावात टिकवायला पुरेशी होती.

शेतकरी टिकला म्हणून धान्य आलं. धान्य आलं म्हणून फौज टिकली. दख्खनच्या कुणब्यानं पिकवलेली ज्वारी-बाजरी इथिओपियातून आलेल्या माणसाच्या ताटात पोचत होती, आणि त्या बळावर दिल्लीची बादशाही अडवली जात होती.

खडकी : पाणी आधी, शहर नंतर

१६१० मध्ये त्यानं दौलताबादजवळ खडकी गावाच्या जागी नवं शहर वसवायला घेतलं. हेच पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. नाव खडकी, कारण जागा खडकाळ. पाण्याची मारामार.

अंबरनं उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ही नहर-ए-अंबरी पुढं तीन शतकांहून जास्त काळ शहराला पाणी पुरवत राहिली. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे.

दाण्याचा बंदोबस्त करणाऱ्या माणसानं पाण्याचा बंदोबस्तही तितक्याच बारकाईनं केला होता.

या हिशेबाची दुसरी बाजू

अंबरची गोष्ट सांगताना दोन गोष्टी लपवून चालत नाहीत.

पहिली, गुलामीतून आलेल्या अंबरनं गुलामीची प्रथा बंद केली नाही. उलट समुद्रापलीकडून नवे हबशी येत राहिले आणि त्याच्या फौजेत भरती होत राहिले. त्यानं त्यांना शिकवलं, पोसलं, मोठं होण्याची संधी दिली. पण बाजार तोच राहिला.

दुसरी, शत्रूला उपाशी मारायच्या लढाईत मुलूखही भरडला जातो. मुघल फौज ज्या वाटेनं जायची त्या वाटेवरची गावं दोन्हीकडून लुबाडली जायची. ज्या शेतकऱ्यासाठी अंबरनं धारा ठरवून दिला, त्याच्याच शेतावर ही लढाई चालत होती.

शिवाय फौज एकत्र ठेवणं सोपं नव्हतं. १६१६ मध्ये काही मराठे आणि हबशी सरदार अंबरला सोडून मुघलांकडं गेले. जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी जाळली. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम म्हणजे पुढचा शहाजहान दख्खनमध्ये आला आणि अंबरला अहमदनगर परत द्यावं लागलं.

तीन वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा रसद तोडली आणि मुघलांना बुऱ्हाणपूरपर्यंत मागं रेटलं. १६२१ मध्ये शहाजहान परत आला, खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली, अंबरला खंडणी कबूल करावी लागली.

दोनदा शहर जळालं. पण गावागावातली घडी पूर्ण मोडली नव्हती. म्हणून प्रत्येक वेळी नवी फौज उभी राहू शकली.

जहांगीर मात्र या माणसानं पुरता हैराण झाला होता. आठवणींत तो अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून हिणवून करायचा. अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्र त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकारानं काढलं. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही.

भातवडी, १६२४

अंबर तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. मुघल आणि विजापूर एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले.

अहमदनगरजवळ भातवडीला त्यानं तळ दिला. तिथल्या तलावाचं पाणी सोडून त्यानं शत्रूच्या वाटेत चिखल केला. वर पाऊस सुरूच होता. शत्रूच्या छावणीत पुन्हा तेच झालं, दाण्याची टंचाई. उपाशी सैनिक छावणी सोडून जाऊ लागले.

आणि मग अंबरनं हल्ला केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूनं लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथंच कामी आले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी मारला गेला, अनेक मुघल सरदार कैद झाले. पुढच्या वर्षी अंबरनं सोलापूरही घेतलं.

मे १६२६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात अंबरचं निधन झालं. बादशहा ज्याला हिणवत होता, त्याच्या युद्धकौशल्याला आणि कारभाराला तोड नव्हती, हे मुघल दरबारातल्या इतिहासकारालाही त्याच्या मृत्यूनंतर मान्य करावं लागलं.

मुलाला जे जमलं नाही

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेहखान कारभारी झाला. पण दरबारातल्या भांडणात घडी विस्कटली. त्यातच १६३० मध्ये पावसानं दगा दिला आणि दख्खन-गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. माणसं अन्नान्न करून मेली, गावंच्या गावं ओस पडली. त्याच वेळी मुघल फौजा मुलखात ठाण मांडून होत्या.

१६३३ मध्ये मुघलांनी दौलताबादला वेढा घातला. दौलताबाद म्हणजे दख्खनमधला सगळ्यात अवघड किल्ला. तोफांना दाद न देणारा. पण आतलं धान्य संपलं. फतेहखानानं किल्ला मुघलांच्या हवाली केला.

बापानं आयुष्यभर जे हत्यार शत्रूवर चालवलं, तेच शेवटी त्याच्या राज्यावर उलटलं. १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली.

अंबरचा धारा मात्र संपला नाही. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जमिनीची व्यवस्था लावताना मलिक अंबरचीच पद्धत पुढं चालवली असं सांगितलं जातं. पुढं इंग्रज अधिकारी दख्खनच्या जमिनीची माहिती गोळा करत फिरले, तेव्हा दोनशे वर्षांनंतरही मलिकंबरी हे नाव त्यांच्या कानावर येत होतं.

खुलताबादला अंबरची कबर आहे. वेरूळची लेणी बघायला जाणारे हजारो पर्यटक तिच्या जवळून जातात. फार थोडे थांबतात. थांबलात, तर एवढं आठवा. स्वतःची भूक विकत घेतली गेलेल्या एका पोरानं मोठेपणी ५० हजार ताटांची जबाबदारी घेतली होती, आणि जोवर तो होता तोवर त्याच्या माणसांना उपाशी मारून दख्खन जिंकणं कुणाला जमलं नाही.